आईचा व्हिसा

रास अल खैमा
मे २००३

दादा,
पुढे सप्रेम नमस्कार लिहायला हात वळत नाही.

वीकेंडला जोडून रजा काढून तुम्ही नवराबायको बेल्जियमला ब्रूज, घेंट फिरून आलात. फिरा की, कोण नको म्हणतंय? पण आईला न्यायचं तूच कबूल केलं होतंस. "तिथल्या बायका दारात बसून लेस विणतात, तुला दाखवतो." जन्मभर क्रोशाची सुई हातात असलेल्या त्या बाईने इथल्या उकाड्यात बसून स्वतःसाठी स्वेटर विणला. मग निघायच्या तोंडावर म्हणालास, तिचा व्हिसा रिजेक्ट झाला, खलास. आणि मुलांपाशी तिला ठेवून गेलात.

दादा, इथला व्हिजिट व्हिसा वाढवायला आईने तिचा पासपोर्ट ह्यांच्याकडे दिलाय. महिनाभर तो आमच्याकडेच आहे. तू मागितलासुद्धा नाहीस. मग व्हिसा नाकारला कोणी? ‘मुलं सांभाळायला तू हवीस,’ एवढं तिला सरळ सांगायचं होतंस. ती आनंदाने राहिली असती.

शुक्रवारी मी तुझ्या घरी भांडायलाच आले होते. शेजारच्या नाडकर्णीबाई आईला विचारत होत्या, तुम्ही का नाही गेलात? तू आणलेली चॉकलेटं त्यांच्यापुढे करत आई म्हणाली, "सिद्धार्थने फार खटपट केली हो. त्या लोकांनीच व्हिसा दिला नाही."

पासपोर्ट कुठे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, दादा. मी एक चॉकलेट तोंडात टाकलं आणि न भांडताच घरी आले. हे पत्रही टाकणार नाही. टाकलं, तर तुझ्याआधी तिचं खोटं उघडं पडेल.

नाइलाजाने तुझीच बहीण,
शालिनी