पोचलेल्यांची यादी

ब्रिस्टल,
११ मार्च

प्रिय नंदू,

आधी खाली बस. आशा घरात असेल तर तिलाही शेजारी बसव. वीरजीभाई जिवंत आहेत. परवा मी त्यांच्या समोर बसून चहा प्यायले, त्यांच्या सुनेने केलेले गाठिये खाल्ले आणि वर त्यांची एक सणसणीत शिवीही खाल्ली. तू चष्मा पुसून पुन्हा वाचशील म्हणून पुन्हा लिहिते. वीरजीभाई, आपला कच्छचा ट्रकवाला. अडतीस वर्षांपूर्वी ओमानच्या वाळवंटात ज्यांचा रिकामा ट्रक सापडला आणि ज्यांचं नाव तू आणि मी त्यानंतर एकदाही उच्चारलं नाही, तो माणूस वेम्बलीत मुलाकडे राहतो. त्यांना मधुमेह आहे आणि ते चोरून जिलेबी खातात.

हे सगळं तनूमुळे झालं. माझी लेक इथल्या युनिव्हर्सिटीत बंद पडलेल्या रेडिओ केंद्रांचा इतिहास जमवते. एका रविवारी माझ्यापुढे रेकॉर्डर ठेवून म्हणाली, "आई, तुझ्या स्टेशनबद्दल ऑनलाइन काहीच नाहीये, लाइक, नथिंग. तू सांग ना." मी म्हटलं, त्यात काय सांगायचं? एक पत्र्याची केबिन, एक मनोरा, एक जनरेटर आणि एक भांडकुदळ इंजिनियर, म्हणजे तू. पण बोलायला बसले आणि थांबेचना. राजीव असता तर म्हणाला असता, लग्नाच्या तीस वर्षांत मला एवढं कधी सांगितलं नाहीस. त्याला जाऊन पाच वर्षं झाली. त्याला मी खरंच काही सांगितलं नव्हतं.

तनूला सांगितलेलं तुलाही सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला लिहायला बरं वाटतंय. रस्ता बांधणाऱ्या कंपनीने एकोणऐंशी साली केंद्र सुरू केलं, कारण पहिल्याच उन्हाळ्यात तीन ड्रायव्हर पाण्यावाचून गेले होते. दोनशे चाळीस किलोमीटरमध्ये घर नाही, झाड नाही. दोन टोकांना दोन पेट्रोल पंप, आणि दक्षिणेच्या पंपापासून बारा किलोमीटरवर आपण. वडील कंपनीचे स्टोअरकीपर म्हणून मी तिथे, आणि हिंदी बोलणारी दुसरी कोणी मिळेना म्हणून मी माइकपुढे! वाळू रस्त्यावर कुठे आली, पाण्याची टाकी कुठे भरली, उंट कुठे आहेत, हे दर तासाला सांगायचं आणि मध्ये दोन गाणी लावायची. "आगे रस्ते पे ऊंट बैठेला है," असं मी एकदा बोलून गेले, तर तू काचेपलीकडे पोट धरून खाली बसलास. पंपावर मला त्या वाक्यावरून चिडवायचे, हे तू मला वर्षभर कळू दिलं नाहीस.

पण केंद्राचा जीव होता तो हजेरीत. सकाळी उत्तरेच्या पंपावर ड्रायव्हरने नाव सांगायचं, पंपवाला ते मला फोनवर कळवायचा. दक्षिणेला पोचला की तिथेही नाव सांगायचं. मग पाच वाजता मी पोचलेल्यांची यादी वाचायची. कितीतरी ड्रायव्हर पोचल्यावरही पंपावर थांबून राहायचे, आपलं नाव ऐकल्याशिवाय जेवायचे नाहीत. सकाळी निघालेल्यांपैकी ज्याचं नाव पाचला वाचलं गेलं नाही, त्याला शोधायला लगेच आपली जीप निघायची. जीप एकच होती आणि ती चालवणारा तू. शहाण्णव साली मोबाइलचे मनोरे आले, केंद्र बंद पडलं आणि कोणीतरी आपल्या मनोऱ्याचं लोखंडही काढून नेलं म्हणे. त्या सतरा वर्षांत यादी फक्त एकदा चुकली.

तो दिवस मी तनूला सांगितला नव्हता. सकाळी तेवीस नावं आली होती. दुपारी वादळ उठलं आणि दक्षिणेच्या पंपाचा फोन मेला. तू जीप घेऊन गेलास आणि पोचलेल्यांची नावं कागदावर उतरवून आणलीस. आत आलास तेव्हा तुझे डोळे लालबुंद होते, पापण्यांत वाळू. जाताना एकदा जीप कलंडता कलंडता वाचली, हे तू हसत हसत सांगितलंस. कागद माझ्यापुढे टाकलास आणि डोळे धुवायला गेलास. पाच वाजता मी तेवीस नावं वाचली. तेविसावं वीरजीभाईंचं होतं. सगळे पोचले, असं म्हणून मी गाणं लावलं.

चौथ्या दिवशी ट्रक सापडला, दार उघडं, आत कोणी नाही. मॅनेजरने यादी मागितली, ती सापडली नाही. तू म्हणालास, वाऱ्यात लिहीत होतो, माझ्याच हातून एक नाव जास्त लिहिलं गेलं असेल. आठवड्यात तुला घरी पाठवलं. तू निघालास तेव्हा मी केबिनमधून बाहेर आले नाही. तुला वाटलं असेल, रागावली. पुढे मिरजेला तू मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकलंस आणि रेडिओला कधी हात लावला नाहीस, हे मला कळत होतं. तुमच्या गंधारच्या लग्नाला आले तेव्हा आशाने हसत सांगितलं, की तू गाडीत माणसं तीन तीनदा मोजतोस, प्रवासातून कोणी पोचल्याचा फोन करेपर्यंत पाणी पीत नाहीस. सगळ्या बायका हसल्या. मी उठून हात धुवायला गेले.

तर तनूने एका कच्छी मंडळाच्या पानावर आपल्या केंद्राची माहिती मागवली, आणि ईशिता नावाच्या मुलीने उत्तर पाठवलं. माझे आजोबा त्या रस्त्यावर ट्रक चालवायचे, नाव वीरजी. मी तनूला कारण न सांगता गाडीत बसले आणि वेम्बली गाठली. ईलिंग रोडवर भाजीच्या दुकानासमोर थांबले. काहीतरी करायचं म्हणून दोन किलो भेंडी विकत घेतली. ती पिशवी घेऊनच त्यांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी मला चेहऱ्याने ओळखलं नाही. मी बोलल्यावर ओळखलं. म्हणाले, "बेन, मैं रेती में फँसा था और तुमने रेडियो पे मेरे को पहुँचा दिया! मैं बोला, अब मेरे को ढूँढने कौन आएगा?" आणि मग ती शिवी, नातीसमोर. वादळात ट्रक रस्ता सोडून वाळूत रुतला होता. एरवी ट्रक सोडायचा नाही हा नियम, पण आपलं नाव ऐकल्यावर थांबण्यात अर्थ उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी संपत आलं तेव्हा ते चालत निघाले. एका बदूच्या, म्हणजे वाळवंटात फिरणाऱ्या अरबाच्या गाडीने त्यांना उचललं आणि भलत्याच दिशेला, समुद्राकाठच्या गावी नेलं. दोन महिने इस्पितळात काढून ते तिथूनच परस्पर भुजला गेले. त्यांच्या मालकाला हे ठाऊक होतं, पण त्याने आपल्याला कळवलं नाही. डाव्या डोळ्याने त्यांना अजून अंधुक दिसतं. मी माफी मागितली तर म्हणाले, भेंडी ठेव आणि चहा पी. नंदू, परतीच्या गाडीत मी स्विंडनपर्यंत झोपले, लहान मुलासारखी. इतकी गाढ मी किती वर्षांत झोपले नव्हते.

घरी येऊन तनूला सगळं सांगितलं, राहिलेलंही. तिने रेकॉर्डर बंद केला. म्हणाली, "आई, हे इतिहासात जाणार, पण यू हॅव टू टेल हिम फर्स्ट." म्हणून हे पत्र. तुझ्या कागदावर बावीस नावं होती, सगळी बरोबर, सगळी वाचता येण्यासारखी. वीरजीभाईंचं नाव त्यात नव्हतं. ते मी माझ्या मनाने वाचलं आणि कागद फाडून जनरेटरमागे पुरला. ते वाचलं नसतं तर पाच वाजता तुला पुन्हा त्या वादळात जावं लागलं असतं, आणि मला तुला जाऊ द्यायचं नव्हतं. माझं तुझ्यावर प्रेम होतं. ते सांगायची हिंमत नव्हती, आणि नंतर हे सांगायची तर त्याहून नव्हती. एक माणूस मी वाळूत सोडला आणि दुसऱ्याला त्याचं ओझं देऊन घरी पाठवलं. वीरजीभाईंनी मला चहा दिला. तू काय देशील ते मी मागत नाही. एवढंच वाच आणि आशालाही वाचून दाखव, की तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

तुझीच,
सुमन