मीटरचा उतरलेला सेल

अंकुशदादा,

तू भंगारात देल्लेला ट्रान्सफॉर्मर परत आणाले मी आर्वीले चालली. बाबानं गाण्याच्या अॅम्प्लिफायरसाठी त्याची तार स्वतःच्या हातानं गुंडाळली होती. अॅम्प्लिफायरमध्ये पस्तीसच्या जागी पन्नास व्होल्ट दिसले, अन् तू लगेच ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून मोकळा झाला. आज त्याच मीटरनं मी घरचा प्लग मोजला, तं तिथंही तीनशे तीस! मीटरचा सेल उतरला होता, इंजिनियरसाहेब. सेल उतरला की मीटर वाढवूनच सांगते, तुह्यासारखं. नवा टाकला तं बरोबर दोनशे तीस आले.

बाबाले आज सेवाग्रामच्या दवाखान्यातून सुट्टी आहे. घरात पाय ठेवल्याबरोबर ते गाणं लावाले सांगतीन. मी येतवरी तूच गाऊन दाखवजो.

वर्षाली