साडी-नारळ

९ जानेवारी
सुमनचं ठरलं. माझी नणंद, पंधरा वर्षांची. मुलाकडचे आज साडी-नारळ देऊन गेले. मुलगा सत्तावीसचा, आमच्यासारखाच गलाईवाला, सोनं गाळतो. तिसऱ्या गल्लीत राहतात. सुमनने साडी कपाटात ठेवली आणि गणिताची वही उघडून बसली.
आत्या खूश. सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्न वैशाखात, गावाकडे.
मी पण पंधराचीच आले होते इथे बंगालात, या बडाबाजारात.

१२ जानेवारी
माझ्या लेकीला, चैत्रालीला खोकला. आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या लीनादी गल्लोगल्ली बायकांच्या सभा घेतात. त्या सांगतात, अठराच्या आतल्या मुलीशी संबंध म्हणजे गुन्हा. ती हो म्हणाली तरी. लग्न लावलं तरी.
आमच्या बायका जात नाहीत. बंगाली कळत नाही म्हणे. भाजीवाल्याशी भांडताना बरं कळतं!
दीदी म्हणाल्या, "तुम बोलो ना, अपनी भाषा में."
मी? आठवीतून शाळा सुटलेली!

१३ जानेवारी
भीती वाटते. मी बोलले तर बायका वर्षं मोजणारच. चैत्राली चारची, मी वीसची. यांना पोलिसांनी नेलं तर?
दीदींना विचारलं — एखादीचं आधीच असं झालं असेल तर? डर लगता है तो मत बोलो, म्हणाल्या. पण काही होणार नाही असं खोटं सांगितलं नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. सुमन मला तिळगूळ देऊन पाया पडली. मी बोलणार.

२६ जानेवारी
बालीगंजला अपर्णाताईंकडे हळदीकुंकू. त्यांचे मिस्टर बँकेत साहेब. दरवर्षी आम्हा गलाईवाल्यांच्या बायकांनाही बोलावतात. तिथे सगळ्याच आपापलं वाण वाटतात, वाट्या, डबे. मी चिठ्ठ्या दिल्या. सुमनकडून लिहून घेतल्या, अक्षर छान आहे तिचं. वर १०९८, मुलांच्या मदतीचा फोन.
एकजण म्हणाली, "अगं, वाण आहे का लॉटरीचं तिकीट?" सगळ्या हसल्या.
मग मी उभी राहिले. सगळं सांगितलं. सोळाव्या वर्षी बाळंतपण. रक्त थांबेना, चार बाटल्या चढवल्या. चैत्राली दीड किलोची — एकवीस दिवस काचेच्या पेटीत. मला ती हातात घ्यायची पण भीती वाटायची. मग कायदा सांगितला. कुणी हसलं नाही. आत्या समोरच. मान खाली.
माझा आवाज कापला नाही. एकदाही!
निघताना दोघींनी जास्तीच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. एकीची पुतणी आहे, चौदाची.

२७ जानेवारी
गल्लीत सगळ्यांना कळलंय. हे भट्टीवरून आले. जेवून झाल्यावर म्हणाले, "मला तुरुंगात घालायला निघालीस काय?"
म्हटलं, भीती मलाही वाटते. पण सुमनसाठी जास्त वाटते.
ताट उचलून गेले. आत्या तर चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून घेतात.
तरी आज पाण्याला ताठ मानेने गेले मी.

२ फेब्रुवारी
कपाटात साडी नाही. नारळ पण नाही. आत्या सकाळी एकट्याच जाऊन मुलाकडे परत देऊन आल्या. दारात चप्पल काढताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या आईच्या दारात मीच घेऊन आले होते साडी-नारळ. तू शाळेच्या ड्रेसात होतीस."