पेपरात छापून घराबाहेर

७ मार्च

लिहायचं लिहायचं म्हणत वही नुसती उशाशी घेऊन झोपतेय. पहिल्या पानावर कपाचा गोल डाग, दुसऱ्यावर मी काढलेलं मांजर. (मांजर बरं आलंय, शेपूट सोडून.) रोज म्हणते उद्या. पण आज लिहिलंच पाहिजे. आज तो सापडला!

काका. बाबांचा सख्खा मोठा भाऊ. ज्याने बाबांना पेपरात छापून घराबाहेर काढलं, तो.

आधी काम काय ते लिहिते, नाहीतर मागून वाचताना मलाच कळायचं नाही. बंद पडलेल्या एका पेपरची ही कचेरी. खाली छापखाना होता, तिथे आता एकजण टायर विकतो. वर जुन्या अंकांची बाडं – महिना-महिना एकत्र करून जाड पुठ्ठ्यात शिवलेली, एकेक उचलताना कंबरडं मोडतं. बाड उघडायचं, पानाचा फोटो काढायचा, साईटवर चढवायचा. मग कुठकुठचे हौशी लोक त्यात आपले आजे-पणजे शोधत बसतात. त्यांचा मोठा गट आहे. कोणाला पणजीच्या लग्नाची बातमी हवी, कोणाला खापरपणजोबांचं दिवाळं निघाल्याची. एकाला पणजोबा दागिने चोरताना पकडले गेल्याचं पान मिळालं, तर तो आठवडाभर मिरवत होता. आमच्या पणजोबांचं नाव पेपरात!

रोपवाटिका सोडली, बोटीवरचं उपाहारगृह सोडलं, झेरॉक्सवाला तर दुपारीच सोडला. पण इथे मी मुद्दाम आले. बाबा ज्या पेपरचं नाव घ्यायचे तो हाच. घरमालकाने आवाज चढवला, कुठे काम सुटलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य – "दादाने मला पेपरात छापून बाहेर काढलं. मला आता कोण काय करणार!" आणि हसायचे. ते हसू मला अजून खुपतं.

तर आज गटावर एका म्हाताऱ्याने आपली वंशावळ टाकली. गटात त्याला 'मूळपुरुष' म्हणतात, कारण तो हवापाण्यावर बोलायलासुद्धा घराण्याच्या मूळपुरुषापासून सुरुवात करतो. मी सहज वाचत खाली आले. आजोबांचं नाव. त्याखाली दोन मुलगे. थोरला तो स्वतः. त्याच्याखाली 'हयात', 'हयात' अशा चौकटी – जिवंत माणसांची नावं उघड टाकायची नाहीत असा गटाचा नियम आहे. आणि धाकटा – माझे बाबा. नावाखाली एकच ओळ : 'तरुणपणी तापाने निधन. पुढे वंश नाही.'

तरुणपणी? बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. भाड्याच्या खोलीत, खोकून खोकून, माझ्या मांडीवर. आणि पुढे वंश नाही, तर मी काय आभाळातून पडले?

थांब काका. बघतेच तुझ्याकडे.

८ मार्च

दात खाऊन खाऊन जबडा दुखतोय.

१० मार्च

मूळपुरुषाची मागणी आली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्याच आजोबांनी, एकदा सायकलींची शर्यत जिंकली होती. ती बातमी हवीय. सोबत फोटो होता म्हणे, घरातली प्रत वाळवीने खाल्ली. "डोळे साथ देताहेत, तोवर एकदा बघायचाय."

तोंडाला पाणी सुटलं माझ्या. गरज त्याला, आणि किल्ली माझ्या कनवटीला!

मी त्याला कोंबड्यांच्या प्रदर्शनाचं पान पाठवलं. लिहिलं, याच आठवड्यातलं आहे, नीट बघा. त्याने खरंच नीट बघितलं. उत्तर आलं : 'कोंबड्या उत्तम आहेत, परंतु वडील त्यात दिसत नाहीत. आपल्या कष्टांबद्दल ऋणी आहे.' मग केशतेलाच्या जाहिरातींचं पान पाठवलं. पुन्हा ऋणी. हा माणूस सभ्यपणे बोलतो, त्याने डोकं आणखी तडकतं. बाबांना हाकलतानाही असाच 'ऋणी आहे' म्हणाला असेल.

डिंकमावशीला कळलं नाही अजून. डिंकमावशी म्हणजे बाडांची डागडुजी करणारी. दोन्ही हातांना कायम डिंकाचा वास, केसांतही थोडा. ती मला भिंगरी म्हणते. तिचं म्हणणं, आधी प्रत्येक बाडाची शिवण उसवू दे, पान पुरतं उलगडलं की मग फोटो काढ. शिवणीत आतला भाग दबून राहतो. मी म्हटलं, मावशी, तुमच्या वेगाने गेलो तर आपलेच पणतू हे काम संपवतील. तर म्हणाली, "तुझे पणतू? आधी एका जागी वर्षभर टिक."

(मध्येच – हरवलेल्या पोपटाची जाहिरात. मग दुसऱ्या अंकात तीच, बक्षीस वाढवून. मग तिसऱ्यात. पोपट मिळाला का ते शोधण्यात अख्खी दुपार गेली. नाही मिळाला. मिळाला असेल, पण ते कोणी छापत नाही.)

१३ मार्च

शर्यत सापडली. आजोबा सायकलीशेजारी, मिशी अशी की हँडलच! आणि पुढे दोन मुलगे. थोरला ताठ उभा. धाकट्याने त्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलंय आणि जीभ बाहेर काढलीय. बाबा. ओळखलं लगेच.

चढवलं नाही. काकाला लिहिलं : 'फार शोधलं. ते पान मिळत नाही.'

लिहिताना असा काही गारवा वाटला – काय सांगू.

१४ मार्च

त्याचं उत्तर. 'असू द्या. आमचं नशीब.'

रड.

१७ मार्च

मिळाली! मिळाली! नोटीस मिळाली!

डाव्या पानावर, पार आतल्या बाजूला, शिवणीला चिकटून. डोकं तिरकं करून वाचली. नंतर मोबाईल आत घुसवून फोटो काढला.

'जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की माझा सख्खा धाकटा भाऊ' – पुढे बाबांचं पूर्ण नाव – 'याच्याशी आमच्या घराचा यापुढे कोणताही संबंध राहिलेला नाही. त्याच्या कोणत्याही व्यवहारास आम्ही जबाबदार नाही. त्यास आमच्या दारात थारा नाही.' बस.

दारात थारा नाही! दुकानाची पाटी बदलल्यासारखं लिहून टाकलं. डिंकमावशी म्हणाली, "काय वाचलंस? मला शिवण उसवू दे, सरळ दिसेल." मला कुठला धीर. मी ते तस्संच माझ्या टोपणनावाने गटावर टाकलं, बरोब्बर त्याच्या वंशावळीखाली. वर लिहिलं : 'मूळपुरुषांच्या घराण्याची एक राहून गेलेली बातमी. तापाने गेलेला भाऊ तेव्हा चांगला जिवंत दिसतोय. ताप बहुधा थोरल्या भावाचाच असावा.'

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. तीनदा वाचलं.

१८ मार्च

तुटून पडलेत! एकीने लिहिलं, सख्ख्या भावाला असं? दुसरा – म्हणजे वंशावळीत खोटी नोंद? गटाला फसवलं? तिसरा, जो कालपर्यंत त्याला गुरुवर्य म्हणत होता, तो म्हणतो, मला आधीपासून शंका होती. लोक म्हणजे वाऱ्यावरची वरात. पण आज वारा माझा आहे.

काका गप्प.

बोल ना. लिही – ऋणी आहे!

२० मार्च

अजून गप्प. दर वर्षी गटाचा मेळावा भरतो, त्याचं अध्यक्षपद त्याच्याकडून काढून घेतलं. दोन शब्द खुलाशाचे लिहा म्हणाले, तेही लिहिले नाहीत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

चव मात्र हवी तशी येत नाहीय. खेळात समोरचा आऊट होऊनही बाहेर जात नाही, तसं काहीतरी.

२१ मार्च

आज काय लिहू. कसं लिहू.

गटात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, लांबच्या गावचे. त्यांच्याकडे हाच पेपर सुट्टा आहे, टपालाने यायचा तो, घडीचा, न शिवलेला. मला मदत म्हणून त्यांनी तीच नोटीस साफ फोटो काढून टाकली. 'आपल्या प्रतीत एकच रकाना दिसतो आहे. दुसरा शिवणीत गेलेला दिसतो. पूर्ण मजकूर देत आहे.'

दुसरा रकाना. होता.

'सदर इसम आपली पत्नी व दीड वर्षाची मुलगी यांना टाकून परागंदा झाला आहे. त्या दोघी आमच्या घरच्या आहेत व आमच्याच घरी राहतील. त्याच्या नावाखाली त्यांस कोणी बोल लावल्यास किंवा त्रास दिल्यास गाठ माझ्याशी आहे.'

पत्नी. माझी आई नव्हे, माझी आई तर नंतरची. मुलगी – मी नव्हे.

मी खाली टायरवाल्याकडे जाऊन बसले. तो म्हणाला, काय गं, हवा गेली? नेहमीचा त्याचा विनोद. आज हसले नाही तर बिचारा ओशाळला.

आईला फोन केला. तुला माहीत होतं का, विचारलं. मागे तिचं शिवणयंत्र चालू होतं. मग ते थांबलं. म्हणाली, तिला लग्नानंतर कळलं, तेही एका भांडणात. मग मला का नाही सांगितलंस?

"तुला तुझा बाप आवडायचा," ती म्हणाली.

२२ मार्च

बाबांनी मलाही पहिलाच रकाना सांगितला.

आता सूड उगवायचा कोणावर? मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला दारातून हाकलता येत नाही. पेपरात छापलं तरी वाचणार नाही. त्यांचा एक जुना स्वेटर मी गावोगाव घेऊन हिंडते. तो आज गच्चीवर नेऊन टाकला. मग वारा सुटला, तर धावत जाऊन घेऊन आले. मूर्ख! मी. आणि ते. दोघंही.

२३ मार्च

काकाचा निरोप आला. गटावर नाही, कचेरीच्या पत्त्यावर, कोणा 'कार्यालयप्रमुखां'ना.

'मला काय म्हणायचे ते म्हणा, त्यावर माझे काही म्हणणे नाही. परंतु हे पान काढावे. मुलीला आम्ही लहानपणापासून सांगत आलो की बाप तापाने गेला. टाकून गेला हे तिला कळू नये म्हणून वंशावळीतही तेच लिहिले. ती माझ्याच रांगेत आहे, माझ्या मुलांसोबत. परवा तिने ते पान वाचले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.'

म्हणून गप्प होता! एक वाक्य लिहिलं असतं तर सुटला असता. पण ते वाक्य म्हणजे ती. आणि जिवंत माणसाबद्दल उघड लिहायचं नाही.

मी फेकलेला धोंडा त्याला लागलाच नाही. मागे उभी होती तिला लागला. मला ती आहे हेही माहीत नव्हतं.

पान काढलं. पण पोस्टमास्तरांचं अजून तिथेच, आणि ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलंच.

डिंकमावशीला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ती नुसती ते बाड घेऊन बसली आणि शिवण उसवायला लागली. टाका टाका. म्हणाली, "आता त्याला लिही, तू कोण ते. टोपणनावाने मारलंस, आता नावाने उभी राहा."

मी म्हटलं, मावशी, राग गेलेला नाही माझा.

"नको जाऊ दे. पण पत्ता तरी बरोबर घाल."

२४ मार्च

लिहिलं. 'नोटीस मी टाकली. मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. ते तापाने गेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी गेले, मी होते सोबत.' सॉरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खाली शर्यतीचं पान जोडलं. 'हे मिळत नाही म्हणाले होते ते खोटं.'

पाठवल्यावर वाटलं, ह्या शहरातून आजच निघावं. सॅक भरली पण. पायाला भिंगरी ही कोणाकडून आली ते आता कळलं. सॅक परत रिकामी केली. सोपं नव्हतं ते.

२६ मार्च

काकाचं उत्तर. एकच ओळ. 'शनिवारी येतो. समोर बसून बोलू.'

फोटोबद्दल अक्षर नाही.

येऊ दे. चार शिव्या दे म्हणावं, मी खाईन. मग मी विचारीन – पेपरात छापायच्या आधी एकदा त्यांना शोधायला निघाला होतात का? मेला म्हणून लिहून टाकायला बरं सुचलं! मलाही थोडं ओरडायचंय. ओरडायला कोणी उरलेलं नाही, तो एकटाच उरलाय.

२७ मार्च

डिंकमावशीने कचेरीतली दुसरी खुर्ची दुरुस्त केली. म्हणे, म्हातारा माणूस खाली कसा बसेल. मी काय काय बोलायचं ते पाठ करतेय. एक-दोन वाक्यं जबरदस्त जमलीत.

२९ मार्च, शनिवार

खाली गाडी थांबली. मी वाक्यं घोळवत उभी राहिले. डिंकमावशी धापा टाकत वर आली. म्हणाली, काका नाही गं. बाई आहे एक, एकटीच, पिशवी घेऊन. अर्ध्या जिन्यात थांबलीय, वर येऊ का विचारतेय. कोण आलंय म्हणून सांगू असं मावशीने विचारलं, तर तिने आधी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाली,

"सांगा, ताई आलीय."