बिनहेडाचं इंजिन

अहो,

आज सकाळी चाललं हो तुमचं इंजिन! हात अजून काळे आहेत, तशीच लिहायला बसले. नाहीतर मी कशाला पत्र लिहिते? तुम्ही होतात तेव्हा साधी चिठ्ठीसुद्धा कधी लिहिली नाही.

उद्या तुमचं भाड्याचं गॅरेज रिकामं करून द्यायचंय. भंगारवाल्याचा टेम्पो येणार, त्यात तुमचं बिनहेडाचं इंजिनही जाणार होतं. मीच हो म्हटलं होतं. आपली स्वाती आडवी आली. "आई, एकदा उघडून बघू दे. मग दे कुणालाबी." ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात कामाला लागल्यापासून पोरगी तुमच्यासारखीच हट्टी झालीय.

आठवतं? नेवाशाकडच्या शेतकऱ्यांच्या पाण्याच्या इंजिनांचं हेडच्या झाकणाखालचं गॅस्केट सारखं जळायचं आणि तुम्ही वैतागायचात. एक दिवस जेवता जेवता उठलात. "शालन, हेडच ठेवत न्हाई! एकाच सिलिंडरमधी दोन पिस्टन, समोरासमोर. मधी डिझेल पेटलं की दोन्ही मागं सरत्यात. हेड न्हाई, व्हॉल्व न्हाई, उष्णता वाया न्हाई. बिघडायला ऱ्हातंय काय?" मी म्हटलं, "तुमचं डोकं!" किती हसला होतात तुम्ही!

पण दोन पिस्टन म्हणजे फिरणारे क्रँकही दोन, आणि ते जोडायला गिअरची रांग. जुळवता जुळवता वर्षं गेली. हँडल मारून माझे खांदे गेले. चार ठोके, काळा धूर, की बंद.

आणि मी काय केलं? खंडेनवमीला तुम्ही सगळ्या हत्यारांच्या आधी त्यालाच झेंडू वाहिलात, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर बोलले, "आज काम करणाऱ्या यंत्राला सुट्टी असते. याला कशाची सुट्टी? भंगार नुसतं!" सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. संध्याकाळी त्याच्यावर गोणपाट टाकलंत, ते पुन्हा काढलं नाहीत. चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं ना?

चूक स्वातीनं शोधली. दोन्ही पिस्टन तुम्ही अगदी बरोबरीनं लावले होते. "कुणी पुढं न्हाई, कुणी मागं न्हाई," हाच तुमचा हेका! बाजारात मला दहा पावलं मागं टाकणारा माणूस, आणि समानता पिस्टनला! अहो, धुराच्या बाजूचा पिस्टन जरा पुढं हवा होता. आधी त्याच्याकडचं भोक उघडून धूर निघणार, मग दुसऱ्याकडून ताजी हवा शिरणार. तिनं गिअर दोन दात सरकवला. मी हँडल मारलं. तिसऱ्या खेपेला धडधडायला लागलं!

आता फार फुगू नका. तेल पितंय. धुराकडचा पिस्टन इतका तापला की पाव तासात बंद करावं लागलं. तिथं थंडाव्याचं काहीतरी करावं लागेल, पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागतील, असं स्वाती म्हणते. पण पंपाला जोडल्यावर हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवलं त्यानं! त्याच पाण्याचा मी चहा केला आणि वेड्यासारखा तुमचाही कप भरला.

उद्या टेम्पो बाकीचं घेऊन जाईल. इंजिन आपल्या पडवीत येईल.

आणि शब्द देते, ते नीट चालेपर्यंत हँडल मीच मारीन. येत्या खंडेनवमीला त्याच गिऱ्हाइकांना बोलावीन आणि त्यांच्यासमोर पहिलं हळदकुंकू त्यालाच लावीन. त्या दिवशी मात्र कुणी कितीही म्हटलं तरी चालू करणार नाही. सांगेन, आज त्याला सुट्टी आहे.

तुमची,
शालन