थोरला देत नाहीत

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
बन्सीचा कर्जतहून फोन. वडलांचं वर्षश्राद्ध पुढच्या बुधवारी. "कल्याणदादा, पिंड मी ठिवू का?"
सांगितलं त्याला — तू दत्तक गेलेला. तिकडच्या वडलांचं तुझ्याकडे, इकडचं माझ्याकडे. मग "बरं दादा" म्हणून ठेवून दिला.
रीत काही मी पाडलेली नाही.

५ नोव्हेंबर
मी सहा वर्षांचा, बन्सी चार, तेव्हा कर्जतच्या काकांनी त्याला दत्तक घेतलं. त्यांना मूल नव्हतं. तेव्हापासून तो सख्ख्या आईला काकू म्हणतो. दर दिवाळीला शेवगावला येतो, ओट्यावर टेकतो आणि सुरू — "मी हितं असतो तर तुझ्यासारखा मास्तर झालो असतो. मी हितं असतो तर..." पन्नास वर्षं हेच!
मी कर्जतला असतो तर? आज मुद्दाम विचार करून पाहिला. जमेना. काकांचं घर, विहीर, लिंबाची बाग, सगळं डोळ्यापुढे येतं. त्यात मी काही येत नाही. थोरला मुलगा दत्तक देत नाहीत. मग विचार तरी कशाचा करणार?

६ नोव्हेंबर
सविता म्हणते, ठेवू दे की भावोजींना, काय बिघडतं? बायकोला म्हटलं, रीत ती रीत.

९ नोव्हेंबर, रविवार
आई तूरडाळ निवडत होती. बन्सीचं सांगितलं. म्हणालो, थोरला मी, मान माझा.
तिने सुपातून नजरही उचलली नाही. "तुलाच द्यायचं ठरलं हुतं. नवी कापडं आनली हुती. त्या दिशी तुला गोवर निगाला. मुहूर्त टळाया नको म्हनून बन्सीला घातली. लई ढगळ झाली त्याला."
मग थोरला देत नाहीत, ते?
"ते तुजा बाप मागनं सांगाया लागला. मलाच का दिलं म्हनून बन्सी रडायचा ना."
खडे वेचत राहिली. मी तिथेच बसलो. आता मात्र कर्जतच्या एसटीत खिडकीशी बसलेला सहा वर्षांचा मी स्पष्ट दिसतो. भीती वाटली, खरंच.

१२ नोव्हेंबर
पिंड बन्सीने ठेवला. जेवायला बसल्यावर म्हणाला, "दादा, लई उपकार झाले."
गोवराचं त्याला सांगितलेलं नाही.