गोदाम म्हणजे बाजार नव्हे

५ फेब्रुवारी १९३४
ग्रेडन कंपनीचं वकीलपत्र घेतलं. कंपनी विलायतेची, आपल्या भागातल्या धनगरांची लोकर घेते. सरकारचा नवा नियम: बाजारात लोकर तोलायची तर वजनं सरकारी शिक्क्याचीच हवीत. कंपनी स्वतःचीच वापरते, म्हणून खटला. वजनं खोटी, हे सगळ्या सोलापूरला ठाऊक. पण मी वजनांसाठी नव्हे, कराराच्या स्वातंत्र्यासाठी भांडतोय. शिवाय केस हरणारच. हरणारी केस घेण्यात पाप कसलं?
दाक्षायणीला हेच समजावलं. "बरं," म्हणाली. बायकोचं 'बरं' मला कधीच सोसलेलं नाही.

६ फेब्रुवारी
मंगळवेढ्याकडचा धुळाप्पा धनगर आला. वडिलांपासूनची ओळख. "वकीलसायेब, औंदा सरकार आमच्या बाजूला हाय म्हनं. तुमीबी हाईसा न्हवं?"
"मी न्यायाच्या बाजूला," म्हणालो. खोटं नाही बोललो. चहा पाजला. दोनदा.

९ फेब्रुवारी
मुद्दे तयार. एक: कंपनी लंडनची, तिला मुंबई सरकारचे नियम लागत नाहीत. हास्यास्पद. उत्तम! दोन: राजीखुशीच्या सौद्यात सरकारनं पडू नये. धनगराला दुसरं गिऱ्हाईकच नाही, हे मॅजिस्ट्रेट ओळखतीलच. तीन: नियमात 'बाजार' म्हटलंय, आणि गोदाम म्हणजे बाजार नव्हे. हा बिनतोड. म्हणूनच काढायचा नाही. निश्चय पक्का.

१० फेब्रुवारी
निश्चय कायम. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
कोर्ट. सगळं इंग्रजीत. मागे धुळाप्पा नि त्याची माणसं. पहिल्या मुद्द्याला मॅजिस्ट्रेटनी जांभई दिली. दुसऱ्याला सरकारी वकील हसला. मोठ्यानं. एलएल.बी. झालेल्या माणसानं सोसायचं तरी किती?
तिसरा मुद्दा तोंडातून निघाला. दाखल्यांसकट निघाला. मॅजिस्ट्रेट ताठ बसून लिहून घ्यायला लागले. मला आनंद झाला. हे फक्त इथं लिहितोय.

१३ फेब्रुवारी
निकाल विरुद्धच जाईल. मॅजिस्ट्रेट शहाणे आहेत.

१५ फेब्रुवारी
जिंकलो. कंपनी सुटली. निकालही इंग्रजीतच. बाहेर धुळाप्पानं पाय धरले. "लई भांडलासा की आमच्यापायी! त्यो दुसरा लईच वसवसत हुता." सांगणार होतो, पण गर्दी फार. उद्या सांगीन. शांतपणे.

१६ फेब्रुवारी
धुळाप्पा सकाळीच घरी. नवं घोंगडं आणलेलं, बायकोनं सूत कातलेलं. "आता वजनं बदलत्याल न्हवं?"
"कायद्याच्या कामाला वेळ लागतो," म्हणालो. घोंगडं घेतलं. मऊ आहे.
तो गेला. दाक्षायणी आतून आली, घोंगडं उचललं नि त्याच्यामागं गेली. परतली ती रिकाम्या हातांनी.
"सांगितलंस?"
"सांगितलं."
"काय म्हणाला?"
"म्हणाला, म्हंजे आमी शिव्या घातल्या त्यो आमचा हुता व्हय?"
"आणि घोंगडं?"
"ते घेऊन सरकारी वकिलांचं घर विचारत गेला."